दर्भाचा माणूस

मोरेश्वर आडिवरेकरचं नाव आयुष्यात एकदाच वर्तमानपत्रात छापून आलं, आणि ते निस्तरायला त्याला पुढची सात वर्षं पुरली नाहीत.

न्यूयॉर्कचे मनोरे पडून आठवडा-दीड आठवडा झाला होता. शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळाची पाचावर धारण बसली होती. कुठे कुणा सरदारजीला पगडी बघून गोळी घातल्याची बातमी आलेली. तेव्हा आपण 'ते' नव्हे, हे गोऱ्या शेजाऱ्यांना पटवायचं कसं, यावर खल सुरू झाला. एरवी गणपतीच्या वर्गणीला दार न उघडणारी मंडळीही त्या बैठकीला हजर होती. गाड्यांना झेंडे लागले. 'ते' म्हणून आपण बोट कुणाकडे दाखवतोय आणि त्यांची पोरं आपल्याच पोरांच्या वर्गात बसतात, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. आलं असलं तरी सगळे मूग गिळून बसले. शेवटी मेणबत्त्या घेऊन नदीकाठी उभं राहायचं ठरलं. मोरेश्वर मंडळाचा सेक्रेटरी, उंच, गोरटेला, सफाईदार इंग्रजी बोलणारा. गावातल्या छोट्याशा पेपरच्या फोटोग्राफरनं नेमकं त्यालाच टिपलं आणि खाली नाव छापलं, आडनावासकट.

त्या रविवारी घरचा फोन वाजला. पलीकडे एक म्हातारी बाई होती. बोलणं अमेरिकन, शिकागोच्या दक्षिण भागातल्या काळ्या वस्तीतलं. पण "मिस्टर आडिवरेकर?" हे शब्द तिनं असे उच्चारले की मोरेश्वर दचकला. ऑफिसात लोक त्याला 'मो' म्हणत, आडनावाच्या वाटेला कुणी जातच नसे. इथं मात्र कोकणातल्या एखाद्या मावशीनं हाक मारावी तसं सगळं नाव जागच्या जागी होतं.

"माझंही आडनाव तेच आहे," बाई म्हणाली. "मी रेणू. माझे वडील जगन्नाथ आडिवरेकर. तू आमच्यातला आहेस का रे?"

जगन्नाथ हे नाव मोरेश्वरला माहीत होतं, पण फक्त एवढंच, की ते आजोबांचे थोरले भाऊ, विलायतेला जाताना बोटीवर वारले. त्यांची राखसुद्धा मिळाली नाही, म्हणून घरी दर्भाचा पुतळा करून तो जाळला. बारा वर्षं ज्याचा ठावठिकाणा नाही, त्याचं असंच करतात. दर्भ आणि पळसाच्या काड्यांचं अंग, डोक्याच्या जागी नारळ, आणि सगळे मंत्र खऱ्या माणसाचे. असा जाळलेला माणूस कालांतरानं चालत घरी आलाच, तर त्याला आधी नव्यानं जन्माला घालावं लागतं, बारशासकट. शास्त्राची तयारी अशी सगळ्या बाजूंनी असते.

आणि आता त्या दर्भाच्या माणसाला मुलगी निघाली होती.

"मला नक्की माहीत नाही," मोरेश्वर म्हणाला. "वडिलांना विचारून सांगतो."

त्यानं विचारलं नाही. थंडी आली, बर्फ पडलं, ऑफिसात माणसं कमी करायला सुरुवात झाली. पण बाई चिवट होती. एप्रिलमध्ये तिचा पुन्हा फोन आला. "नऊ तारखेला माझ्या पपाचा वाढदिवस असतो. मी गोड करते. तुम्ही दोघं या." ही गोष्ट त्याची बायको सुनेत्रा हिच्या कानावर गेली आणि तिला राहवेना. "अरे जाऊन तर येऊ यार. आपलं आडनाव लावणारी बाई साउथ साइडला राहते, आणि तू तिला बघणारपण नाहीस?"

सुनेत्रा पुण्याची आर्किटेक्ट. नवऱ्याच्या व्हिसावर आली, आणि त्या व्हिसावर बायकोला नोकरी करता येत नाही म्हणून तीन वर्षं घरात बसून होती. ग्रीन कार्डाचा अर्ज गेला होता. त्या घरात सगळ्या गोष्टींना एकच मुहूर्त होता, 'कार्ड आलं की'. कार्ड आलं की सुनेत्रा नोकरी धरणार. कार्ड आलं की घर घ्यायचं. सोफासुद्धा कार्ड आल्यावर. तोवर कुणाच्या तरी गराजमधून आणलेल्या खुर्च्यांवर बसायचं आणि श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा. मंडळातल्या अर्ध्या घरांची हीच रीत होती, त्यामुळे त्यात कुणाला काही चमत्कारिक वाटत नसे.

नऊ एप्रिलला दोघं गेली. विटांची जुनी तीन मजली इमारत, पुढे दगडी पायऱ्या, पायऱ्यांना मधोमध खड्डे पडलेले. तळमजल्यावरचं दार उघडलं आणि सुनेत्रा चक्क हसली. काळीसावळी, किडकिडीत, पांढऱ्या केसांची सदुसष्ट वर्षांची बाई समोर उभी होती, आणि तिच्या तोंडावर सासऱ्यांचं नाक होतं. तेच बाकदार, टोकाला किंचित उजवीकडे वळलेलं आडिवरेकरी नाक. ओळख पटवायला आणखी काही लागलंच नसतं.

"ये," रेणू मराठीत म्हणाली. 'ये', 'जेव' आणि 'पुरे' एवढंच मराठी तिला येत होतं. बाकी सगळं ती इंग्रजीत बोलली, भरभरून बोलली, चाळीस वर्षं कुणी ऐकायला मिळालं नव्हतं तशी.

जगन्नाथ बोटीवर मेले नव्हते. गिरगावातल्या एका छापखान्यात ते खिळे जुळवायचे. एकोणीस-वीस वर्षांचे असताना बोटीवर भांडी घासायच्या कामावर लागून लंडनला उतरले, आणि तिथंही छापखान्यातच शिरले. तळघरातला छापखाना होता तो. वरच्या खोलीत हिंदी, आफ्रिकी, वेस्ट इंडीजकडचे लोक जमायचे, राजाच्या देशात बसून राजाच्या राज्याविरुद्ध भाषणं करायचे, आणि ती भाषणं जगन्नाथ खाली शिशाच्या खिळ्यांत बसवायचे. पत्रकं छापून झाली की काळे खलाशी ती साबणाच्या पेट्यांत घालून, कोळशाखाली दडपून अटलांटिकपार न्यायचे. अमेरिकेतून उलट माल यायचा. दक्षिणेत कुणाला झाडाला टांगलं, कुणाची वस्ती पेटवली, त्याच्या हकिकती. त्या लंडनमध्ये छापायच्या आणि मुंबईपासून केपटाउनपर्यंत पोचवायच्या. मग अलाबामात नऊ काळ्या पोरांना खोट्या आरोपावरून धरलं, त्यांतल्या आठांना फाशी ठोठावली. त्यांच्यासाठी युरोपभर सभा झाल्या, आणि त्यांची पत्रकं जुळवता जुळवता जगन्नाथनाच राहवेना. बोटीवर चढले ते न्यूयॉर्कला उतरून गर्दीत नाहीसे झाले. शिकागोला आले, काळ्यांच्या एका छापखान्यात लागले, लॉन्ड्रीत इस्त्री करणाऱ्या मुलीशी लग्न केलं. ती रेणूची आई.

"भाषण त्यांनी कधी एकसुद्धा केलं नाही," रेणू म्हणाली. "घाबरायचे. म्हणायचे, बोलणारे पुष्कळ आहेत, अक्षर जुळवणारं कुणीतरी हवं."

मग तिनं ओव्हनमधून एक भांडं काढलं. तांदळाची खीर. वाटीभर आधी बाजूला काढली, खिडकी उघडली आणि बाहेरच्या कठड्यावर ठेवून दिली. तिघंही मुकाट बघत राहिली. थोड्या वेळानं समोरच्या झाडावरून कावळा आला आणि वाटीत चोच घातली. तेव्हाच रेणूनं पानं वाढली.

 मोरेश्वरनं सुनेत्राकडे बघितलं. तिलाही कळलं होतं. हा वाढदिवस नव्हता, हे श्राद्ध होतं.

"मला माहीत आहे," रेणू त्यांची तोंडं बघून म्हणाली. "लहान होते तेव्हा मला वाटायचं पपाचा बर्थडे. मी गाणं म्हणायचे, ते हसायचे. बिचाऱ्यांनी कधी मला दुरुस्त केलं नाही. मरताना सांगितलं. लंडनच्या गोदीत त्यांना गावाकडचा एक खलाशी भेटला होता. तो यांना बघून भुतासारखा पांढरा पडला. म्हणाला, अहो, तुमचं सगळं कार्य झालं की! तेराव्याला मी स्वतः जेवलो. ज्या दिवशी पुतळा जाळला तो हा दिवस. पपा म्हणायचे, माझं करणारं तिकडे कुणी असेल-नसेल, माझं मीच करतो."

सुनेत्राच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. रेणूनं तिच्या पानात आणखी खीर घातली आणि म्हणाली, "जेव."

जेवण झाल्यावर तिनं कपाटातून कॉफीचा जुना पत्र्याचा डबा आणला. लाल रंग उडालेला, झाकणाला चिकटपट्टी. तो तिनं मोरेश्वरसमोर टेबलावर ठेवला.

"हे पपा. बासष्टमध्ये गेले. त्यांनी एवढंच मागितलं होतं. म्हणाले, पहिल्यांदा जाळलं तेव्हा मी तिथं नव्हतो. आता खरा जळेन, तर ही राख तरी आडिवऱ्याच्या खाडीत सोडा. मला कुठं जमतंय? तिकडे मला कोण ओळखणार, कोण दारात घेणार? घरच्या माणसानंच न्यायला हवी ना? मी माणूस शोधत होते. तू सापडलास."

"नेतो की," मोरेश्वर म्हणाला. त्या क्षणी तो अगदी मनापासून म्हणाला, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. "कार्ड आलं की आम्ही इंडियाला जाणारच आहोत. पहिलं हेच काम."

"कसलं कार्ड?" रेणूनं विचारलं, आणि त्यानं समजावून सांगितलं.

"म्हणजे पपासारखंच," ती म्हणाली. "त्यांच्याकडेही कागद नव्हते. एक्कावन्नमध्ये सरकारी माणसं येऊन घेऊन गेली त्यांना. बरेच महिने कोंडून ठेवलं. कुठं पाठवायचं हेच ठरेना, म्हणून अखेर सोडून दिलं. छाती तिथंच गेली त्यांची. मग माझी पाळी. मी एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होते, नवी नोकरी. साहेबानं बोलावलं. म्हणाला, तुझ्या बापाशी संबंध तोडलेस असं एवढं म्हण, की झालं. घरात राहतेस तरी हरकत नाही, नुसतं म्हण. मी म्हटलं, बाप आहे, संबंध कसा तुटेल? नऊ वर्षं इस्पितळातल्या चादरी धुतल्या त्यापायी." हे सांगताना ती भांडी आवरत होती, आणि आवाज कुठंही चढला नव्हता.

डबा त्या दिवशी मोरेश्वरनं तिथंच ठेवला. निघताना रेणू पायऱ्यांपर्यंत आली. त्यानं वाकून नमस्कार करावा असं सुनेत्रानं त्याला खुणावलं, पण तो म्हणाला, "बाय, टेक केअर."

घरी आल्या आल्या त्यानं रत्नागिरीला वडिलांना फोन लावला. वडील श्रीरंगराव तिकडे शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले. सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे मुलगी होती होय."

"बाबा, तुम्हाला माहीत होतं? ते जिवंत आहेत हे?"

"मला मागाहून कळलं. मरायच्या आधी भाऊ बोलले." भाऊ म्हणजे मोरेश्वरचे आजोबा, जगन्नाथांचे धाकटे भाऊ. "ते कलेक्टर कचेरीत कारकून. एक दिवस फौजदार घरी आला. तुझा भाऊ लंडनात सरकारविरुद्ध काय काय छापतो, हबशांच्यात ऊठबस करतो, तुझा काय संबंध? भाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. घरात आई, विधवा आत्या, लग्नाच्या दोन बहिणी. ते म्हणाले, साहेब, तो बोटीवर मेला, हा कोणी दुसरा असेल. आणि मग ते खरं करायला पुतळा जाळला. बारा वर्षं व्हायला अजून बराच अवकाश होता. भटजींना खोटं सांगितलं."

"नोकरीसाठी सख्खा भाऊ जाळला?" मोरेश्वर ओरडलाच. "जिवंत माणूस? शी! काय माणसं होतात बाबा तुम्ही!"

"तू लांब आहेस, तुला बोलणं सोपं आहे," श्रीरंगराव एवढंच म्हणाले.

पुढचे काही महिने मोरेश्वर हा किस्सा मंडळात अगदी रंगवून सांगायचा. काकाआजोबांचा अभिमान, आजोबांची भित्री जात, सगळं. ऐकणारे हळहळायचे. रेणूला त्यानं दोन-तीनदा फोनही केला.

मग अर्ज अडकला. सगळे कागद पुढे गेले, बोटांचे ठसे झाले, आणि शेवटची एकच गोष्ट राहिली, 'नेम चेक'. अर्जदाराचं नाव सरकारच्या जुन्या-नव्या दप्तरांतून फिरवून बघायचं. कुणाचं चार दिवसांत होई, कुणाचं चार-चार वर्षं लटके. हजारोंचं लटकलं होतं. पण मोरेश्वरच्या मनात एक किडा शिरला. हजारोंचं लटकलं असेल, पण त्यांची आडनावं कुळकर्णी, रेड्डी, सिंग. या अख्ख्या देशात आडिवरेकर किती? आपण, आणि एक्कावन्न साली पकडून नेलेला तो लाल पत्रकं छापणारा म्हातारा. दप्तर उघडलं की दुसरं काय वर येणार?

वकिलानं आपलं सगळ्यांना सांगतात तसं सांगितलं, की काही नवं करू नका, शांत बसा. मोरेश्वरनं त्यातून हवा तो अर्थ काढला.

"तिला फोन नको करूस," तो सुनेत्राला म्हणाला. "फोनची बिलंसुद्धा बघतात म्हणे हल्ली."

"अरे, म्हातारी बाई आहे ती. आणि तो डबा?"

"डबा? एअरपोर्टवर उघडून विचारलं, हू इज धिस, तर काय सांगू? डेथ सर्टिफिकेट दाखवू, आपल्याच आडनावाचं? तुला जॉब करायचाय ना? मग कार्ड येऊ दे. चाळीस वर्षं कपाटात आहेत, अजून दोन वर्षं राहतील."

सुनेत्रानं हातातला फोन जागेवर ठेवला. तिची स्वतःची पाच वर्षं चुलीत गेली होती. खोटं कशाला, तिलाही कार्ड हवं होतं. घरातल्या दोघांनाही एकच भीती असली की तिला शहाणपण म्हणायला वेळ लागत नाही. मंडळात काकाआजोबांचा किस्साही मोरेश्वरनं बंद केला. कुणी आठवण काढली तर तो म्हणायचा, "छे, ते नक्की नाही हो. नावात घोळ असेल." आजोबांनी फौजदाराला हेच सांगितलं होतं, पण ते त्याच्या ध्यानात आलं नाही.

रेणू मात्र दर वर्षी एप्रिलात फोन करायची. मोरेश्वरनं उचलणं बंद केल्यावर यंत्रावर निरोप ठेवायची. एकदा म्हणाली, "या वर्षी कावळे नाहीत. तो डासांचा ताप आला ना, त्यात सगळे मेले. झाडाखाली पडलेले असायचे. आता पपाची खीर कबुतरं खातात. चालत असेल ना?" मोरेश्वरनं निरोप ऐकला आणि पुसून टाकला. आणखी एकदा, "तुझं कार्ड आलं का? काळजी करू नकोस, मी आहे अजून." एका हिवाळ्यात निरोप होता, "आमच्या इमारतीची भट्टी बंद पडली आहे, घरमालक बघत नाही. तुझ्याकडे एखादा जादा हीटर आहे का?" आवाज बसलेला होता. गराजमध्ये हीटर पडून होता. मोरेश्वर दोनदा त्याच्याजवळ जाऊन आला. शनिवारी बघू म्हणाला, शनिवारी बर्फ पडलं, आणि मग राहूनच गेलं. त्या एप्रिलात फोन आला नाही. त्याला बरं वाटलं. हे लिहायला जड जातं, पण त्याला खरंच सुटल्यासारखं वाटलं.

दोन हजार आठच्या सुरुवातीला सरकारनंच हात टेकले. नेम चेक फार दिवस लटकलेला असेल तर त्यावाचून कार्ड द्या, असा हुकूम निघाला. मार्चमध्ये टपालपेटीत पाकीट आलं. सुनेत्रा स्वयंपाकघरातच खाली बसून रडली. मोरेश्वरनं वकिलाला फोन केला आणि इतकी वर्षं गिळलेला प्रश्न शेवटी विचारला. माझ्या आडनावाचा कोणी जुना राजकीय माणूस दप्तरात होता, त्यामुळे अडलं होतं का?

वकील हसला. "तुमची फाइल कुणी उघडलीसुद्धा नव्हती हो. ढिगाच्या तळाला होती. सगळ्यांचंच तसं होतं."

नऊ एप्रिल बुधवारी होता. मोरेश्वरनं रजा टाकली. सुनेत्रानं पहाटे उठून खीर केली, स्टीलच्या डब्यात भरली आणि म्हणाली, "आधी पाया पड. सॉरी म्हण. आणि डबा घेऊनच ये, मी मे महिन्याची तिकिटं बघते." वाटेत त्यानं काय बोलायचं ते चार-चारदा जुळवलं. त्यात पहिल्यांदाच तो तिला आत्या म्हणणार होता. वडिलांची चुलतबहीण म्हणजे आत्याच की.

तळमजल्याच्या खिडकीला नवे पडदे होते. घंटीवर दुसरंच नाव होतं. तो पायऱ्यांवर चुळबुळत उभा असताना वरची खिडकी उघडली आणि एका जाडजूड काळ्या बाईनं खाली बघितलं. "कोण हवंय?"

"रेणू. रेणू आडिवरेकर."

बाईनं त्याला न्याहाळलं. मग खिडकी बंद झाली आणि ती जिना उतरून दारात आली. "तूच का तिचा तो नेपरव्हिलचा भाचा?"

"हो."

"ती गेली, बाळ. गेल्या वर्षी, फेब्रुवारीत. न्यूमोनिया. घरात एवढी थंडी, किती दिवस काढणार? चर्चनं मूठमाती दिली. तुझा नंबर शोधला आम्ही, पण ती तो पाठच म्हणायची, लिहिलेला नव्हता कुठं."

मोरेश्वरनं कठडा धरला.  मग त्यानं विचारलं, "तिच्याकडे एक डबा होता. कॉफीचा. लाल."

"घरमालकानं माणसं पाठवली खोली रिकामी करायला. सगळं कचऱ्याच्या गाडीत घातलं. कॉफीचा डबा..." बाई आठवायला लागली. "वाळूचा ना? करड्या रंगाची खरखरीत वाळू होती. हां, बघितला मी. त्या दिवशी या पायऱ्यांवर बर्फाची काच झाली होती. सोफा उतरवताना एक पोरगा आपटला. मग त्यांनी ती वाळू पायऱ्यांवर पसरली. बरं झालं, नाहीतर माझंच कंबरडं मोडलं असतं."

मोरेश्वर खाली बघू लागला. दगडी पायऱ्या, मधले खड्डे, एप्रिलच्या पावसानं धुतलेले. त्या पायऱ्यांच्या मधोमध तो उभा होता. त्यानं घाईघाईनं बूट काढले, मोजे काढले, आणि मग पाय कुठं ठेवावेत ते त्याला कळेना. कुठंही ठेवला तरी पायरीच होती. बाई चमकून त्याच्याकडे बघत राहिली.

त्यानं तिथूनच मंदिरातल्या गुरुजींना फोन लावला. काय बोलतोय याचं भान नव्हतं. राख हरवली, दर्भाचा पुतळा करता येईल का, मी करीन, मी त्यांचा नातू लागतो.

गुरुजी भले गृहस्थ होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "यापूर्वी त्यांचा तो विधी झालेला आहे का?"

"झालाय. पण तेव्हा ते जिवंत होते हो."

"तरी झाला ना? मग शास्त्राच्या लेखी ते तेव्हाच गेले. एका माणसाचा पुतळा दोनदा नाही जाळता येत. वाईट वाटतं सांगायला."

त्यानं फोन बंद केला. मग खिरीचा डबा उघडून वरच्या पायरीवर ठेवला आणि समोरच्या झाडाकडे बघत अनवाणी बसला. घरी असतं तर कावळा शिवेना म्हणून कुणीतरी पुढे होऊन हात जोडून म्हणालं असतं, तुमची काय इच्छा राहिली असेल ती आम्ही पुरी करू. तेवढं म्हटलं की शिवतो. मोरेश्वरनं हात जोडले. जगन्नाथांना काय कबूल करायचं? आत्याला काय कबूल करायचं? खाडीत सोडायला चिमूटभरसुद्धा काही उरलं नव्हतं. झाडावर कावळाही नव्हता. त्याचे पाय गारठून निळे पडत चालले होते.

वरची बाई त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. डब्यात डोकावून म्हणाली, "आज तिच्या वडिलांचा वाढदिवस, नाही का? मला दर वर्षी वाटी द्यायची." तिचा आवाज मऊ झाला होता. "तुझ्याबद्दल फार बोलायची रे. सगळ्या इमारतीला सांगून ठेवलं होतं. भाच्याचं कसलंसं कार्ड यायचंय, ते आलं की तो मला आणि पपाला घरी नेणार आहे. शेवटी शेवटी इस्पितळातसुद्धा तेच." मग सहज विचारावं तसं तिनं विचारलं, "आलं का मग ते कार्ड?"

"आलं," मोरेश्वर म्हणाला.